करुण आणि वीर यांच्या सीमेवर : ‘यलो’मधील अभिनयाचा विचार

महेश लिमये यांनी दिग्दर्शित केलेला ‘यलो’ हा मराठी चित्रपट ४ एप्रिल २०१४ रोजी प्रदर्शित झाला. डाउन सिंड्रोम घेऊन जन्माला आलेली एक मुलगी, तिचा स्वीकार करू न शकणारा पिता, तिला घेऊन घराबाहेर पडणारी आई, या दोघींना आधार देणारा मामा आणि त्या मुलीला पोहण्याच्या स्पर्धेपर्यंत नेणारा प्रशिक्षक, असे त्याचे कथानक थोडक्यात सांगता येईल. हे कथानक सर्वस्वी कल्पित नाही. पुण्याच्या जलतरणपटू गौरी गाडगीळ यांच्या आयुष्यावर ते आधारलेले आहे. आणि चित्रपटातील मोठ्या वयाच्या गौरीची भूमिका स्वतः गौरी गाडगीळ यांनीच केली आहे.

या एका गोष्टीमुळे समीक्षेपुढे जी अडचण उभी राहते, तिचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. अडचण अशी : जी व्यक्ती जशी आहे तशीच ती पडद्यावर दिसली, तर तिने अभिनय केला असे म्हणावयाचे काय? हा प्रश्न सहसा कोणी उघडपणे विचारीत नाही. तो विचारणे असभ्यपणाचे वाटते. त्याऐवजी कौतुक केले जाते. परंतु कौतुक हा अशा वेळी निर्णय टाळण्याचा शिष्टसंमत मार्ग असतो. ज्या कलावंताच्या कामाची चिकित्साच करावयाची नाही असे आपण आधी ठरवितो, त्याला आपण कलावंत मानलेलेच नसते. म्हणून तो असभ्य प्रश्न विचारणे हेच येथे अधिक सौजन्याचे आहे असे मला वाटते.

प्रथम एक वस्तुस्थिती लक्षात घेतली पाहिजे. चित्रपटात गौरी एक नाही, दोन आहेत. बालपणीची गौरी संजना राय या मुलीने साकारली आहे. संजना ही गौरी नव्हे. दुसऱ्या कोणाचे बालपण, दुसऱ्या कोणाची आई, दुसऱ्या कोणाच्या घरातील ताण तिला आपलासा करावा लागला. आणि गौरी गाडगीळ यांच्या बाबतीत तरी ‘स्वतः असणे’ कितपत खरे आहे? पडद्यावरची त्यांची आई मृणाल कुलकर्णी आहेत, प्रशिक्षक उपेंद्र लिमये आहेत, मामा हृषीकेश जोशी आहेत. घरचे कोणीही तेथे नाही. कॅमेऱ्याच्या सोयीने प्रसंगांचा क्रम उलटापालटा होतो, एकच कृती पुन्हा पुन्हा करावी लागते, आणि जी शर्यत कधीच पोहून झाली ती जणू आता प्रथमच पोहत आहोत अशा आविर्भावाने पाण्यात उतरावे लागते. झालेले पुन्हा ‘होऊ देणे’ यालाच तर आपण अभिनय म्हणतो. भरताने लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असा जो भेद केला आहे, त्यात लोकधर्मी म्हणजे अभिनयाचा अभाव असे कोठेही अभिप्रेत नाही. लोकव्यवहाराच्या स्वभावाला धरून असलेला तो अभिनयच आहे.

आता हा अभिनय कोणत्या प्रतीचा आहे ते पाहू. त्यासाठी आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक ही जुनी चतुर्विध विभागणी आजही उपयोगी पडते. मात्र येथे ती वापरताना शरीरशास्त्राकडे थोडे वळावे लागेल.

डाउन सिंड्रोमचे पहिले पद्धतशीर वर्णन जॉन लँगडन डाउन या इंग्रज वैद्याने १८६६ साली केले. त्याचे कारण मात्र १९५९ पर्यंत कळले नव्हते. त्या वर्षी झेरोम लेझन व त्यांचे पॅरिसमधील सहकारी यांनी दाखवून दिले की, अशा व्यक्तींच्या पेशींत एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत अधिक असते. या अधिकाच्या परिणामी स्नायूंचा स्वाभाविक ताण कमी असतो, सांध्यांचे बंध सैल असतात, सुमारे निम्म्या बालकांत हृदयाचा जन्मजात दोष आढळतो. जीभ आणि ओठ यांचेही स्नायू सैल असल्याने उच्चार पुष्कळदा अस्पष्ट राहतो. ऐकलेले शब्द अल्पकाळ धरून ठेवणे कठीण जाते. पाहिलेली हालचाल उचलणे त्या मानाने सोपे जाते. प्रत्येक व्यक्तीत हे प्रमाण निराळे असते हे सांगावयास हवेच.

हे सर्व येथे सांगण्याचे प्रयोजन दयाबुद्धी जागविणे हे नाही. अभिनेत्याच्या हाती कोणते साधन किती प्रमाणात आहे हे कळल्यावाचून त्याने त्या साधनाचे काय केले हे सांगता येत नाही. मराठी रंगभूमी ही प्राधान्याने वाचिकाची रंगभूमी आहे. आपल्या नटाची थोरवी आपण त्याच्या शब्दफेकीत, स्वगतात, विरामांत शोधतो. मराठी चित्रपटानेही ही सवय नाटकाकडून घेतली. ज्या कलावंताचे वाचिकच मर्यादित आहे, त्याच्याकडे पाहण्याची आपल्या रसिकाला सवय नाही, आणि मग तो प्रेक्षागृहात बसून डोळ्यांनी पाहण्याऐवजी कानांनी उणिवा मोजत राहतो.

गौरी गाडगीळ यांचे सामर्थ्य आंगिकात आहे. तेही सर्वत्र सारखे नाही. घरातील प्रसंगांत, जेथे समोरचे पात्र संवाद घेऊन येते आणि त्यांना त्याला प्रतिसाद द्यावयाचा असतो, तेथे त्यांचे काम मला साधारण वाटते. प्रतिसाद कित्येकदा शिकविल्यासारखा येतो. पाण्यात मात्र चित्र पालटते. पाण्यात संवाद नसतो. तेथे जे काही सांगावयाचे ते खांदे, मान, श्वास आणि पायांचा ठेका यांनीच सांगावे लागते, आणि ही भाषा त्यांनी वर्षानुवर्षांच्या तालमीने आत्मसात केलेली आहे. सैल स्नायूंच्या शरीराला जमिनीवर स्वतःचा भार पेलणेच श्रमाचे असते. पाणी तो भार बराचसा उचलते; पण हात पुढे टाकून मागे ओढताना तेच पाणी विरोधही करते. आधार आणि विरोध एकाच वेळी देणारे असे दुसरे माध्यम नाही. मर्ढेकरांनी लयतत्त्वाचे विवेचन करताना संवाद, विरोध आणि समतोल असे तिचे तीन नियम सांगितले. पोहणाऱ्या शरीरात ते तिन्ही डोळ्यांना दिसतात. हाताच्या एका फेकीशी दुसरीचा संवाद, पाण्याशी विरोध, आणि श्वासासाठी मान वळविल्यावर ढळलेला तोल पुन्हा सावरणे. ही लय उसनी आणता येत नाही. एखाद्या निष्णात अभिनेत्रीने ही भूमिका केली असती, तर तिने चेहऱ्याची ठेवण आणि बोलण्याची ढब कदाचित हुबेहूब उचलली असती; असे शरीर पाण्यात कसे मोकळे होते, हे तिला दाखविता आले नसते.

दिग्दर्शकाने हे ओळखले आहे काय? माझ्या मते अर्धे ओळखले आहे. लिमये हे मुळात छायालेखक. ‘नटरंग’ या २०१० सालच्या चित्रपटात पैलवानी देहाचा एक पुरुष नाच्याची लकब अंगी बाणवितो, तेव्हा त्या देहाच्या पालटावर ज्यांचा कॅमेरा होता ते हेच. शरीर कसे घडते हे पाहण्याची दृष्टी त्यांच्यापाशी आहे, आणि ‘यलो’मध्ये जेथे सराव आहे, तेथे ती दृष्टी जागी आहे. पण कथानकाचे नैतिक ओझे त्यांनी दुसरीकडे टाकले आहे. पित्याचा नकार, आईची फरफट, तिचे अश्रू, तिचा निर्धार यांनी चित्रपटाचा मोठा भाग व्यापला आहे. मृणाल कुलकर्णी यांनी ते काम मनापासून केले आहे यात शंका नाही. तरीही परिणाम असा होतो की, प्रेक्षकाची भावना गौरीला जाऊन भिडण्याआधी आईपाशी थांबते. गौरी हा आईच्या दुःखाचा आलंबन विभाव होऊन बसते.

येथे मला या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे यावयाचे आहे. या विषयाचा स्वाभाविक रस कोणता?

आपल्याकडे याचे उत्तर न विचारताच दिले जाते : करुण. १९९१ सालचा संजय सूरकर यांचा ‘चौकट राजा’ हा या परंपरेतील सर्वांत समर्थ चित्रपट. त्यातील नंदूची भूमिका दिलीप प्रभावळकर यांनी केली. बालपणीच्या अपघाताने बुद्धीची वाढ खुंटलेला तो प्रौढ पुरुष मराठी प्रेक्षकाच्या स्मरणात कायमचा राहिला आहे, आणि ते योग्यच आहे. कारण प्रभावळकरांनी त्याला लकबींचे गाठोडे होऊ दिले नाही. पण त्या चित्रपटाची रचना पाहा. नंदूला काही साधावयाचे नाही. त्याला काही शिकावयाचे, जिंकावयाचे, हरावयाचे नाही. तो इतरांच्या मनात कालवाकालव निर्माण करतो आणि त्या कालवाकालवीतून इतरांची आयुष्ये हलतात. शोक हा स्थायिभाव असलेल्या रसात नायकाने असेच असावे लागते. घटना त्याच्यावर कोसळतात, तो घटना घडवीत नाही.

याला एक ऐतिहासिक कारणही संभवते. १९५० च्या सुमारास डाउन सिंड्रोम असलेले बालक बारा-पंधरा वर्षांच्या पलीकडे क्वचितच जगे. हृदयाच्या शस्त्रक्रिया आणि जंतुसंसर्गावरील औषधे यांमुळे आज प्रगत देशांत हे आयुर्मान सुमारे ६० वर्षांपर्यंत गेले आहे. जे बालक मोठे होण्याची अपेक्षाच नव्हती, त्याच्याविषयी करुणावाचून दुसरा रस सुचला नाही तर नवल नाही. परंतु ते बालक आता तिशी-चाळिशीत पोहोचते, नोकरी करते, व्यासपीठावर उभे राहते, शर्यतीत उतरते. साहित्य आणि चित्रपट यांनी मात्र त्याला अजून पाळण्यातच ठेवले आहे. (अशा प्रौढ कलावंताचा उल्लेख ‘ती’ किंवा ‘तो’ असा एकेरीने करण्याचा मोह आपल्या लिखाणाला होतो, तोही याच पाळण्याचा अवशेष होय.)

पोहण्याच्या शर्यतीचा स्थायिभाव शोक नाही, उत्साह आहे. आणि उत्साह हा वीररसाचा स्थायिभाव आहे. वीर म्हटले की आपल्याला तलवार आठवते. तथापि भरताने वीराचे जे विभाव सांगितले आहेत, त्यांत निश्चय, विनय, पराक्रम, शक्ती अशा गोष्टी येतात. शत्रू असलाच पाहिजे असे नाही. गौरी गाडगीळ यांनी ज्या चळवळीच्या स्पर्धांत पदके मिळविली ती स्पेशल ऑलिम्पिक्सची चळवळ युनिस केनेडी श्रायव्हर यांनी उभी केली; तिच्या पहिल्या स्पर्धा जुलै १९६८ मध्ये शिकागो येथे झाल्या. तिच्या नियमांतील एक गोष्ट आपल्याकडे फारशी ठाऊक नाही. तेथे आधी प्राथमिक फेऱ्या घेऊन प्रत्येक स्पर्धकाची कुवत मोजतात आणि जवळजवळ सारख्या कुवतीचे खेळाडू एका गटात घालतात. म्हणजे अंतिम शर्यत ही बरोबरीच्या माणसांची शर्यत असते. तेथील पदक ही खाऊची पुडी नव्हे. तुल्यबळाला मागे टाकल्याची ती खूण आहे. हे कळले की प्रेक्षकाचा भाव बदलतो. डोळे ओले होण्याऐवजी मुठी वळतात. ‘यलो’च्या अखेरीच्या भागात हे क्षणभर घडतेही. मला तो भाग चित्रपटाचा खरा प्रारंभ वाटला. तो पाऊण वाट चालून गेल्यावर का आला, एवढीच माझी तक्रार आहे.

हा रसविचार केवळ ग्रंथातला राहू नये म्हणून तो एका विशिष्ट ठिकाणी नेऊन पाहणे इष्ट आहे. धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यात, सोलापूरहून तुळजापूरला जाणाऱ्या महामार्गावर तामलवाडी हे गाव आहे. हा चित्रपट पुण्याचा आहे. त्याच्या मध्यभागी शहरातील जलतरण तलाव आहे, वेळेवर येणारा प्रशिक्षक आहे. तामलवाडीसारख्या गावातील एखाद्या आईने आपल्या अशाच मुलीला शेजारी बसवून तो पाहिला, तर त्यातले काय तिच्या हाती लागेल?

तलाव लागणार नाही. या भागात पोहणे शिकावयाचे ते विहिरीत, पाठीला पांगाऱ्याचा बिंडा किंवा रिकामा डबा बांधून, चुलत्याच्या किंवा थोरल्या भावाच्या नजरेखाली. आणि तेही ज्या वर्षी विहिरीला पाणी असेल त्या वर्षी. शिवाय विहिरीच्या पोहण्याचे शौर्य हाताच्या फेकीत मोजत नाहीत, कडेवरून मारलेल्या सुरात आणि मुटक्यात मोजतात. आता डाउन सिंड्रोम असलेल्या काही व्यक्तींत मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधील बंध सैल असतो. डोक्यावर उडी घेतल्यास मज्जारज्जूला इजा होण्याचा धोका असतो, आणि म्हणून अशा खेळाडूंची वैद्यकीय तपासणी स्पर्धांतही कटाक्षाने करतात. विहिरीवरच्या पोरांनी ज्याला भित्रेपणा म्हणून हिणवावे, तेच येथे शहाणपण ठरते. चित्रपटाने हा बारकावा दाखविला असता, तर गावातल्या प्रेक्षकाला तो दहा उपदेशांहून अधिक उपयोगी पडला असता.

पण उत्साहाची भाषा तामलवाडीला शिकवावी लागत नाही. आश्विनी पौर्णिमेच्या आसपास सोलापूरहून तुळजाभवानीच्या दर्शनाला पायी निघालेल्या माणसांचा लोंढा याच रस्त्याने जातो. त्यात धट्टेकट्टे असतात तसे लंगडणारे, थकलेले, अंगावर मूल घेतलेलेही असतात. लंगडणाऱ्याकडे पाहून तेथे कोणी उसासा टाकीत नाही. ‘चला, आलंच’ म्हणतात आणि पाणी पुढे करतात. खेळाच्या बाबतीत तर या जिल्ह्याने खो-खोमध्ये देशाला नाव दिले : धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. मैदानावर धावणाऱ्या मुलीकडे अभिमानाने पाहण्याची दृष्टी येथे आहे. जिच्या धावण्याचा वेग निराळा आहे, अशा मुलीकडे तीच दृष्टी वळावी, एवढेच काम उरते.

प्रयोगकलांच्या बाबतीत, मला वाटते, गाव शहराच्या पुढेही जाऊ शकेल. गोंधळात नायकाच्या मागे उभे राहून ध्रुपद झेलणारा, तमाशात झीलकरी, भजनात टाळकरी, शाळेच्या लेझीमपथकात ओळीत उभी असलेली मुलगी, यांच्या कलेचा पाया पुनरावृत्ती हा आहे. ठेका पाहून उचलावयाचा, नेमक्या मात्रेवर यावयाचे, आणि समूहाच्या श्वासात आपला श्वास मिळवावयाचा. वाचिकप्रधान शहरी नाटकात ज्याला स्थान मिळणे कठीण, त्याला येथे ते सहज मिळण्यासारखे आहे. मात्र याचा अर्थ त्याला कायमचे झीलकऱ्याच्या जागी उभे करून ठेवावे असा नव्हे. नायकाची जागा कोणाला द्यावयाची हे त्याच्या कामावरून ठरावे. आणखी एक सावधगिरी हवी. वगातला सोंगाड्या खुळेपणाचे सोंग आणतो, पण तो सर्वांत शहाणा असतो, म्हणूनच हसू येते. ज्याला गाव आधीच ‘खुळं’ म्हणते त्याला त्याच जागी उभे केले, तर हसू कोणाला येते आणि कशाचे येते, हे तपासावे लागेल. लोककलेचा गौरव करणारे लेखक या ठिकाणी डोळेझाक करतात.

राहता राहिला पुरस्काराचा प्रश्न. ६१ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ‘यलो’ला परीक्षक मंडळाचा विशेष पुरस्कार मिळाला आणि गौरी गाडगीळ व संजना राय या दोघींचा अभिनयासाठी ‘विशेष उल्लेख’ झाला. हा उल्लेख दयेपोटी झाला असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच वर्षी अंजली पाटील या प्रशिक्षित अभिनेत्रीलाही तसाच विशेष उल्लेख मिळाला होता. तरीपण येथे १९९६ सालचे कान महोत्सवाचे उदाहरण आठवते. झाको व्हॅन डोर्मेल या बेल्जियन दिग्दर्शकाच्या ‘आठवा दिवस’ या चित्रपटात डाउन सिंड्रोम असलेल्या पास्कल द्युकेन या रंगभूमीवरील नटाने काम केले होते. त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक द्युकेन आणि दानिएल ओतय या दोघांना विभागून देण्यात आले. पुढे २००९ साली पाब्लो पिनेदा यांना सान सेबास्तियन महोत्सवात ‘मीसुद्धा’ या स्पॅनिश चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले. दोन्ही ठिकाणी वेगळी रांग लावली गेली नाही. द्युकेन यांच्या बाबतीत तर परीक्षकांनी असे मानले की, ओतय यांचे काम द्युकेन यांच्या कामावाचून उभेच राहत नाही. निदान विभागून दिलेल्या पारितोषिकाचा मला तरी दुसरा अर्थ लागत नाही.

याच कसोटीने ‘यलो’ पाहिला, तर उपेंद्र लिमये यांच्या प्रशिक्षकाचे काम जेथे चांगले होते, तेथे ते गौरी गाडगीळ यांच्याबरोबरच्या प्रसंगांतच का चांगले होते, हा प्रश्न विचारता येतो. मला त्याचे उत्तर असे दिसते की, हा नट एरवी आपल्या उग्रतेवर विसंबतो; येथे समोरची व्यक्ती त्या उग्रतेला ठराविक प्रतिसाद देत नाही, म्हणून त्याला आपली गती बदलावी लागते, थांबावे लागते, पाहावे लागते. सहअभिनेत्याची गती बदलावयास लावणे हा अभिनयातील मोठा गुण आहे, आणि तो येथे संवादांवाचून सिद्ध झालेला आहे.

‘यलो’ आला तेव्हा अशा कामाची तुलना कशाशी करावी हाच प्रश्न होता. २०२५ च्या जूनमध्ये ‘सितारे ज़मीन पर’ हा आर. एस. प्रसन्ना यांचा हिंदी चित्रपट आला. २०१८ सालच्या एका स्पॅनिश चित्रपटावरून घेतलेल्या त्याच्या कथेत बास्केटबॉलचा संघ आहे, आणि संघातील दहा खेळाडूंच्या भूमिका बौद्धिक वा तत्सम दिव्यांगता असलेल्या कलावंतांनीच केल्या आहेत. त्यांपैकी गोपीकृष्णन वर्मा यांनी त्याआधी २०२१ साली ‘तिरिके’ या मल्याळम चित्रपटात काम केले होते. म्हणजे एकाच कलावंताच्या दोन भूमिका आता समोर आहेत, एक कुटुंबातली आणि एक मैदानावरची. त्या दोन्ही शेजारी ठेवून त्यांत त्यांनी काय राखले, काय टाकले, कोठे ते आधीचेच पुन्हा करतात आणि कोठे नवे काही शोधतात, हे पाहता येईल. गौरी गाडगीळ यांच्या बाबतीत ती सोय अजून झालेली नाही. त्यांची दुसरी भूमिका आपल्याला पाहावयास मिळालेली नाही.